विचारा, सांगतो: टांगत्या कुंड्यांतली हंगामी फुलं

थंडी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी पत्रं पिटुनियाची असतात आणि त्यातली निम्मी तक्रारीची. यंदा लोंबत वाढणाऱ्या हंगामी फुलांचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. सारखे प्रश्न एकात मिसळले आहेत.

ऑक्टोबरात नर्सरीतून पिटुनियाची तीन रोपं आणून १० इंची बास्केटमध्ये लावली. डिसेंबरपर्यंत बहर होता. आता मधला भाग टकला झाला आहे, लांब काड्या लोंबतात आणि फूल फक्त टोकाला. पानंही चिकट लागतात. कीड आहे का?
— कोथरूड, पुणे

चिकटपणाची काळजी सोडा. पिटुनियाची पानं आणि देठं मुळातच चिकट असतात. मावा पडला असेल तर पानाच्या मागे हिरवे-काळे ठिपके हलताना दिसतील आणि खालच्या पानांवर चकचकीत थर साचेल. तसं नसेल तर फवारणी करू नका.

टक्कल पडायची कारणं दोन. रोप लहान असताना शेंडे खुडले नाहीत, हे पहिलं. पिटुनियाची काडी टोकाकडूनच वाढते आणि टोक शाबूत असेपर्यंत बाजूचे डोळे झोपून राहतात. दुसरं, वाळलेली फुलं काढताना नुसती पाकळी ओढली गेली. पाकळीमागे हिरव्या दलांत लपलेलं टोकदार बोंड असतं, ते देठासकट गेलं पाहिजे. बोंड राहिलं की झाड बी भरण्याच्या मागे लागतं आणि नव्या कळ्या मंदावतात.

आता छाटणी करा, पण सगळी एकाच दिवशी नको. निम्म्या काड्या, एक आड एक, या आठवड्यात कापा आणि उरलेल्या दोन-तीन आठवड्यांनी. प्रत्येक काडीवर खालची तीन-चार हिरवी पानं राहू द्या. पानंच नसलेल्या तपकिरी काडीत कापलंत तर ती बहुधा फुटत नाही. कापल्यावर पानं कमी झालेली असतात, त्यामुळे पाणीही कमी लागतं. या आठवड्यात नेहमीइतकं पाणी घालून मुळं कुजवणारे पुष्कळ. पालवी दिसू लागली की १९:१९:१९ (हे आकडे क्रमाने नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे) हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, एका बास्केटला साधारण अर्धा लिटर, तेही माती आधी ओली करून. कळ्या दिसल्या की एक आठवडा हे आणि एक आठवडा १३:०:४५ त्याच प्रमाणात.

'जास्त फुलांसाठी' म्हणून हल्ली सरसकट ०:५२:३४ सुचवलं जातं. आमचं मत त्याच्या विरोधात आहे. बास्केटमधल्या एवढ्याशा मातीत स्फुरद साचत गेलं की झाडाला लोह मिळणं अवघड होतं आणि पानं पिवळी पडतात.

जानेवारीत छाटलंत तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुन्हा फुलं येतील. फेब्रुवारी उलटल्यावर हा खटाटोप करू नका, पुण्याचं मार्च-एप्रिलचं ऊन पिटुनियाला पुन्हा उभं राहू देत नाही. पुढच्या वर्षी रोप घेताना 'पसरणारं' किंवा 'लोंबणारं' असं विचारून घ्या. नर्सरीत सहसा मिळतं ते मोठ्या फुलांचं, उभं वाढणारं. ते बास्केटमध्ये लोंबतं ते भाराने, स्वभावाने नव्हे.

आमची गॅलरी दक्षिणेची, मैत्रिणीची उत्तरेची. दोघींनी एकाच दिवशी एकाच ठिकाणाहून रोपं आणली. माझी बास्केट फुलांनी भरली, तिच्याकडे नुसती पानं. असं का?
— ठाणे

सूर्यामुळे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेकडून जातो. डिसेंबरअखेर ठाण्यात भर दुपारीही तो जेमतेम ४७ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं आणि उत्तरेच्या गॅलरीत शिरतच नाही. पिटुनियाला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. तीन तासांत ती जगते, पण फुलत नाही. मैत्रिणीला हिवाळ्यात फुलांचा आग्रह धरू नका म्हणावं. तिच्या गॅलरीत थेट ऊन येतं ते उन्हाळ्यात, सकाळी लवकर आणि संध्याकाळी. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत तर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो. त्या काळात अर्ध्या सावलीत फुलणारी टोरेनिया लावता येईल.

तुमच्यासाठीही एक हिशेब आहे. वरच्या मजल्याची गॅलरी तुमच्यावर छपरासारखी असते. बास्केट कडेपासून एक फूट आत असेल तर तिचा वरचा काठ छतापासून फूटभराहून जास्त खाली हवा. दोन फूट आत असेल तर दोन फुटांहून खाली. छताला चिकटवून, गॅलरीच्या मधोमध टांगलेली बास्केट दक्षिणेला असूनही दुपारभर सावलीत राहते.

बोअरचं पाणी आहे. पिटुनियाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. खत वाढवलं, एप्सम सॉल्ट घातलं, कुंडीत गंजलेले खिळेही पुरले. फरक नाही.
— छत्रपती संभाजीनगर

लक्षण तुम्ही नेमकं लिहिलंत, त्यामुळे निदान सोपं आहे. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोहाची कमतरता. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी झाली असती तर नत्र कमी म्हटलं असतं. जुन्याच पानांत शिरांमधला भाग पिवळा असता तर मॅग्नेशियम, आणि तेव्हा एप्सम सॉल्टचा उपयोग झाला असता.

मिश्रणात लोह बहुधा आहे, पण झाडाला घेता येत नाही. तुमच्याकडचं बोअरचं पाणी जड आणि क्षारयुक्त. रोज ते घालून मिश्रणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) साडेसातच्या वर जातो आणि लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. खिळ्याचा गंज हेच ते रूप, म्हणून खिळे कितीही पुरले तरी उपयोग नाही. पिटुनियाला सामू साडेपाच ते सहा लागतो.

कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा विरघळणाऱ्या रूपात बांधलेलं) मागा, पण पुडीवर अक्षरं वाचून. ईडीटीए लिहिलेलं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत टिकत नाही. ते पानांवर फवारायला ठीक, लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी. मातीत घालायला ईडीडीएचए लिहिलेलं घ्या. महाग असतं, पण लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पुरतं. पाण्यात टाकताच गडद लाल रंग येतो. फुलांवर आणि गॅलरीच्या फरशीवर सांडू नका, डाग पडतात. आठ-दहा दिवसांत नवी पानं हिरवी यायला लागतील.

हे झालं तात्पुरतं. मूळ पाणीच सुधारायचं तर किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व १० लिटरच्या बादलीत २ ग्रॅम, म्हणजे अर्धा छोटा चमचा, विरघळवून तेच पाणी रोज वापरा. आणि एक चूक फार घरांत होते: पाण्याच्या फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी 'वाया कशाला' म्हणून कुंड्यांना घालतात. त्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. ते लादी पुसायला वापरा.

१२ इंची बास्केटला मिश्रण कोणतं करावं? साध्या मातीने भरली तर हूक वाकला.
— नाशिक

हूक वाकला हे बरंच झालं, निखळला असता तर खाली कोणी उभं असतं. १२ इंची अर्धगोल बास्केटमध्ये साधारण ७ लिटर मिश्रण मावतं. बागेची माती आणि शेणखत घालून पूर्ण भिजवली की तिचं वजन ११-१२ किलो होतं. कोकोपीटच्या मिश्रणाने तीच भिजलेली बास्केट ६-७ किलोंत राहते.

आकारमानाने चार भाग कोकोपीट, दोन भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग पर्लाइट (पांढरे, हलके, फुललेले खडे) आणि बास्केटमागे एक मूठ (सुमारे ५० ग्रॅम) निंबोळी पेंड. पर्लाइट नसेल तर भाताचा अर्धवट जळलेला तूस चालतो. कोकोपीटची ५ किलोची वीट २५ लिटर पाण्यात भिजवली की ६०-७० लिटर होते, म्हणजे एका विटेत दहाहून जास्त बास्केटी निघतात. ती स्वस्तात मिळाली असेल तर बहुधा न धुतलेली असते. भिजवा, पिळा, पाणी टाकून द्या; असं दोन-तीनदा करा. नाहीतर मिठाने पानांच्या कडा करपतात.

काथ्याच्या अस्तराच्या आत प्लास्टिकची पिशवी अंथरा आणि तळाला पेन्सिलच्या जाडीची चार-पाच भोकं पाडा. प्लास्टिक नसलं तर काथ्या चारी बाजूंनी वाऱ्यावर वाळतो आणि दुपारपर्यंत बास्केट कोरडी. मिश्रण काठोकाठ भरू नका, वर एक इंच मोकळा सोडा. गच्च भरलेल्या बास्केटमध्ये पाणी मुरायच्या आतच कडेवरून वाहून जातं आणि वाटतं की भरपूर घातलं. पिटुनियाची चार-पाच रोपं पुरेत.

हूक छताच्या काँक्रीटमध्ये फास्टनर बसवून अडकवा. गिलाव्यात, पीओपीत किंवा कपडे वाळत घालायच्या दांडीला नको. रेलिंगला टांगायची असेल तर आतल्या बाजूने.

पिटुनियाचं बी दोनदा पेरलं, एकदाही उगवलं नाही. अर्धा सेंटिमीटर माती घातली होती.
— कोल्हापूर

ती मातीच नडली. पिटुनियाचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार दाणे बसतात. त्याला उगवायला उजेड लागतो आणि अर्धा सेंटिमीटर मातीतून वर येण्याइतकी शिदोरीही त्याच्यात नसते.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये, पावसापासून आडोशाला पेरा. उथळ ट्रेमध्ये बारीक चाळलेलं कोकोपीट आणि थोडं गांडूळखत भरून ओलं करा. बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून वर भुरभुरा आणि सपाट फळीने हलके दाबा, झाकू नका. पाणी वरून घालू नका, ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवून खालून शोषू द्या. वर पारदर्शक प्लास्टिक, जागा उजेडाची पण थेट उन्हाची नाही. २२ ते २५ अंश तापमानात सात ते बारा दिवसांत हिरवा शहारा दिसेल. त्याच दिवशी प्लास्टिक काढा.

पुढचा धोका रोपमर: संध्याकाळी उभी असलेली रोपं सकाळी मातीलगत बारीक होऊन आडवी पडलेली. दाट पेरणी, साचलेला ओलावा आणि कोंडलेली हवा ही तिची कारणं. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशीची पावडर लिटरला ५ ग्रॅम, पेरतानाच घाला. रोपं आडवी पडू लागल्यावर ती पडलेल्यांना उठवत नाही.

चार खरी पानं आली की एकेक रोप पेपर कपात, ६-८ पानांवर शेंडा खुडा, पेरणीपासून सहा-सात आठवड्यांनी बास्केटमध्ये. फुलं दहा-बारा आठवड्यांनी. लेप चढवलेलं गोळीसारखं बी मिळालं तर लेप भिजून फुटेपर्यंत ते ओलं राहिलं पाहिजे, अर्धवट भिजून वाळलं तर आतलं बी मरतं. संकरित रोपाचं घरचं बी धरू नका. पुढची फुलं आईबापांवर जात नाहीत.

ऑफिस टाइमची फुलं दुपारी मिटतात आणि ढगाळ दिवशी उमलतच नाहीत. झाडाला काही झालंय का?
— डोंबिवली

काही नाही, नावच ऑफिस टाइम आहे. ऊन चढलं की उमलायचं, दुपार कलली की मिटायचं. एक फूल एकच दिवस. ही पोर्तुलाका आपल्या घोळीच्या भाजीची भावंड आहे आणि पाणी पानांत साठवते. तेव्हा पानं टपोरी असताना पाणी नको, किंचित सुरकुतली की द्या. मार्चपासून उन्हाळाभर बास्केटला यापेक्षा बिनत्रासाचं फूल नाही. शेंड्याकडचे ७-८ सेंटिमीटरचे तुकडे, १० इंची बास्केटला आठ-दहा, नुसते खोचायचे आणि दोन दिवस पाणी द्यायचं नाही. नाशिकच्या उत्तरातल्या मिश्रणात गांडूळखत निम्मं करून तेवढी वाळू घाला. सहा तासांपेक्षा कमी ऊन असेल तर मात्र लावू नका.

नॅस्टर्शियमची पानं बशीएवढी झालीत, फूल एक नाही. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा आहेत.
— सातारा

खत घालता ना? बंद करा. नॅस्टर्शियमला जास्त नत्र मिळालं की ते पानांतच रमतं. त्याला निम्मी साधी माती असलेलं मिश्रण द्या आणि वरून काहीही नको. बी १०-१२ तास भिजवून, दीड सेंटिमीटर खोल, थेट बास्केटमध्ये टोचा, कारण रोप उपटून लावलेलं त्याला मानवत नाही. १२ इंचीत चार बिया, ठेवायची तीन रोपं. रेघा नागअळीच्या आहेत. ती पानाच्या दोन थरांमध्ये असते, वरून मारलेलं औषध तिला धड लागत नाही. रेघांची पानं खुडून पिशवीत बांधून टाका. पानं-फुलं सॅलडमध्ये खाता येतात, चव तिखटसर असते. खायची असतील तर त्या झाडावर कसलीही फवारणी नको.

रत्नागिरीत जून ते सप्टेंबर काय टांगावं?
— रत्नागिरी

कोकणच्या पावसात पिटुनिया, व्हर्बिना, ऑफिस टाइम हे सगळे कुजतात. टोरेनिया लावा. निळी-जांभळी, घशात पिवळा ठिपका असलेली फुलं. अर्धी सावली आणि दमट हवा तिला आवडते. पागोळ्यांची धार थेट पडणार नाही अशा जागी, तळाला नेहमीपेक्षा दुप्पट भोकं. पावसाळ्यात शेंड्याचे तुकडे सहज मुळं धरतात, म्हणून एक रोप आणलं तरी बास्केट भरते. गोगलगाई रात्री टॉर्च घेऊन वेचा. साखळीवरून त्या चढतात हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

दर मे महिन्यात दुकानातून भरगच्च बास्केट आणतो. जुलैत ती पिवळी पडून वाळते. पाणी रोज घालतो.
— एडिसन, न्यू जर्सी

इकडचं दिवाळीनंतरचं फूल तिकडे जूनमध्ये फुलतं, पण गणित तेच आहे. दुकानातली बास्केट विकण्याच्या दिवशी उत्तम दिसावी अशी भरलेली असते: थोडं मिश्रण, खूप रोपं. जुलैपर्यंत आत मुळंच मुळं होतात, पाणी धरायला जागा उरत नाही आणि त्यात घातलेलं सावकाश सुटणारं खतही संपत आलेलं असतं. तीस अंशांच्या वरच्या दिवसांत तिला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं.

आणल्या आठवड्यातच ती १४ इंची बास्केटमध्ये हलवा आणि कडेने नवं मिश्रण भरा. दर आठवड्याला पाण्यातून खत द्या, रोजच्या पाण्याबरोबर ते वाहून जात असतं. जुलैच्या सुरुवातीला एक तृतीयांश छाटा. कोरडं पडलेलं मिश्रण आक्रसून कडेपासून सुटतं आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली गळतं. तुमचं 'रोज घातलेलं' पाणी बहुधा असंच जात आहे. बास्केट उचलून पाहा. हलकी लागली तर वीस-तीस मिनिटं बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मेच्या मध्याआधी रात्री बाहेर ठेवू नका. दुकानात कॅलिब्राकोआ मिळाली तर घेऊन पाहा: फुलं लहान, पण वाळलेली आपोआप गळतात, खुडत बसावं लागत नाही. लोह मात्र पिटुनियाइतकंच मागते.

व्हर्बिनाच्या पानांवर पांढरी पावडर पसरली आहे.
— सोलापूर

भुरी. दिवसा कोरडी उबदार हवा, रात्री गारवा आणि दाट झाडी असली की येते. लागलेली पानं काढा, मधल्या काड्या विरळ करा. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर, आठ दिवसांनी पुन्हा. पारा ३२ अंशांच्या वर असेल त्या दिवशी गंधक मारू नका, पानं भाजतात. त्याआधी किंवा नंतर दोन आठवड्यांत निंबोळी तेल फवारू नका, तेच होतं.

आठ दिवस गावाला जायचं आहे. शेजाऱ्यांकडे किल्ली देता येणार नाही.
— दादर, मुंबई

बास्केट खाली उतरवा. उमललेली फुलं आणि मोठ्या कळ्या सगळ्या खुडा, जिवावर आलं तरी. बादलीत बुडवून पूर्ण भिजवा आणि ऊन न येणाऱ्या पण उजेडाच्या जागी, उलट्या कुंडीवर ठेवा. शेजारी भरलेली बादली. बोटाएवढी जाड सुती दोरी भिजवून तिचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मिश्रणात चार इंच खोल. १० इंचीला एक दोरी, १२ इंचीला दोन. नायलॉनची दोरी पाणी ओढत नाही. बादलीतल्या पाण्याची पातळी मिश्रणापेक्षा खाली असू द्या, वर असेल तर सगळी बादली एका रात्रीत बास्केटमधून गॅलरीत उतरते. हे सगळं निघायच्या दोन दिवस आधी करून पाहा. आल्यावर लगेच उन्हात टांगू नका, दोन दिवस सकाळचंच ऊन द्या.